पहिला तांब्या

माझे यजमान रंगाच्या कारखान्यात होते. एवढं साधं वाक्य लिहायला मला फार वेळ लागला, कारण ते हयात असताना मी ते कुणापुढे सरळ उच्चारलं नाही. कुणी विचारलं तर मी म्हणायचे, "मानपाड्याला कंपनीत असतात," आणि दुसरं काही बोलायला लागायचे. डोंबिवलीत तेव्हा निम्म्या घरांतले पुरुष कुठल्या ना कुठल्या कंपनीत असत. त्यामुळे पुढचं कुणी विचारत नसे, आणि मला ते सोयीचं होतं.

गेल्या महिन्यात ह्यांचं वर्षश्राद्ध झालं. ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे तो त्याहून पुष्कळ जुना, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचा. तेव्हा आमचा मुलगा चार वर्षांचा होता.

आम्ही मानपाडा रस्त्याच्या आत एका बैठ्या चाळीत राहायचो. दोन खोल्या, मागच्या खोलीत मोरी. मोरीचं पाणी भिंतीतल्या भोकातून मागच्या उघड्या गटारात जाई आणि सगळ्या बिऱ्हाडांच्या मागच्या दारांवरून वाहत चाळीच्या टोकाला पोचे. टोकाला चाळीची मालकीणबाई राहायची. त्या भागातली जुनी, शेती असलेली आगरी बाई. संध्याकाळी मागच्या दगडावर बसून ती मासे साफ करत असे.

मी मराठी घेऊन बी. ए. झाले होते आणि सकाळी एका वाचनालयात काम करत होते. हे मॅट्रिक. लग्न ठरवताना वडील म्हणाले होते, नोकरी कायम आहे, माणूस निर्व्यसनी आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. वाळलेला रंग दळायचा, चाळायचा आणि पिंपांत भरायचा, असं ह्यांचं काम होतं. ती भुकटी इतकी बारीक असे की नाकाला फडकं बांधलं तरी ती आत जायची, कपड्यांच्या खाली जायची, कानाच्या घडीत बसायची.

गंमत अशी, की कोरडे असताना हे रंगीत दिसत नसत. कामावरून येत तेव्हा नुसते धुळकट दिसत, विटांच्या भट्टीवरून आल्यासारखे. रंग कुठला आहे ते पाणी पडल्यावर कळे. हे मोरीत उकिडवे बसत, तांब्या भरून घेत आणि थांबत. मुलगा मोरीच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसलेला असे. त्याने अंदाज सांगितल्याशिवाय पाणी ओतायचं नाही, असा त्या दोघांचा ठराव होता.

"आज लाल!"

"बघ हां. नक्की?"

"नाही नाही, थांब. पिवळा! बाबा, पिवळा!"

"एकदा लाल म्हणतोस, एकदा पिवळा म्हणतोस. नक्की सांग, मला थंडी वाजतेय."

"पिवळा. ओत!"

मग पहिला तांब्या डोक्यावर. क्षणभर काहीच नाही, नुसतं मळकं पाणी. आणि मग कपाळावरून, भुवयांवरून, छातीवरच्या केसांतून रंग खाली यायला लागे. आधी धारा, मग सगळं अंग. मुलगा टाळ्या पिटून ओरडे, "उघडला! बाबा उघडला!" हा शब्द त्याचाच. दुकान उघडतं, फूल उघडतं, तसा बाबा उघडतो.

ओरडून झालं की तो मागच्या दाराने बाहेर पळे आणि गटाराच्या कडेकडेने त्या रंगासोबत चालत जाई. रंग हळू गेला तर हा हळू, कुठे पालापाचोळ्यात अडकला तर हाही थांबे. पाहुण्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला जावं तसा तो बाबाला सोडायला टोकापर्यंत जायचा. तिथे मालकीणबाई वाट बघत असल्यासारखी बसलेली असे. ती हातातला मासा तसाच धरून म्हणे, "आयला रं तुजा बापूस! आज निला!"

"आजी, अजून येतोय, थांब. डोकं गेलं, आता पाय यायचेत."

"येऊं दे, येऊं दे. मी कुटं चाललंय?"

मी हे सगळं आतून ऐकायचे, आणि मला ते नको व्हायचं. आमच्या घरातला माणूस रोज संध्याकाळी सगळ्या चाळीच्या मागून वाहत जातो, असं मला वाटे. शेजारणी चांगल्याच होत्या, पण त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. "काय वहिनी, तुमच्याकडे बारा महिने रंगपंचमी! आम्हाला आपली एकदाच." मी हसायचे. रात्री ह्यांना घाम आला की उशीवर डोक्याच्या आकाराचा डाग पडे, म्हणून मी गडद चॉकलेटी कापडाचे अभ्रे शिवले होते. वर्तकनगरला माझी थोरली बहीण राहायची, तिचे यजमान बँकेत. ती यायची असली की आदल्या दिवशी मी अभ्रे बदलून पांढरे घालायचे, आणि ह्यांना सांगायचे की आज दोन पाण्यांनी आंघोळ करा. ते करत. मला उलट बोलल्याचं आठवत नाही.

कारखान्यात आंघोळीची सोय होती. बाकीची माणसं तिथेच अंग धुऊन, कपडे बदलून घरी जात. हे मात्र तसेच येत. मी याला आळस म्हणायचे. तोंडावर म्हणायचे. ते म्हणत, "अगं, तिथे रांग असते. उशीर होतो." उशीर झाला तर काय बिघडतं, हे मी कधी विचारलं नाही.

मुलाच्या डोक्यात त्या दिवसांत एक मोठी व्यवस्था तयार झाली होती. प्रत्येक माणूस कामाला जातो, आणि काम त्याला आपला रंग देतं. पोलिसाची कंपनी खाकी. कावळे कोळशाच्या वखारीत लागलेत. संध्याकाळी खाडीच्या बाजूला आकाश तांबडं झालं की तो सांगे, "आभाळ घरी आलं. आता ओतणार." ओतलं की काळं होणार, कारण शेवटी सगळे रंग गटारात मिसळले की काळेच होतात, हे त्याने स्वतः टोकापर्यंत जाऊन पाहिलेलं होतं. एकदा त्याने माझे दोन्ही हात उलटेपालटे करून तपासले. "आई, तुझं काहीच निघत नाही?" मग त्याला माझ्या अंगठ्यावर वाचनालयाच्या शिक्क्याची जांभळी शाई दिसली. तो इतका आनंदला की अंगठा धरून मला ह्यांच्याकडे ओढत घेऊन गेला. "बाबा, आई पण! आई पण आपल्यात!"

मी हात सोडवून घेतला आणि मोरीवर जाऊन रॉकेलने अंगठा पुसला. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

आणि त्याच महिन्यांत मी वाचनालयातून बालमनाविषयीची पुस्तकं घरी आणून वाचत होते. मुलांचं कुतूहल जपावं, त्यांच्या डोळ्यांनी जग पाहायला शिकावं, असं त्यांत लिहिलेलं असे. पटलेली वाक्यं मी एका वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायचे. पलीकडे मोरीत तांब्या वाजला की मधलं दार लोटून घ्यायचे, म्हणजे लिहिण्यात व्यत्यय नको.

स्टेशनच्या पलीकडे एक चांगली शाळा होती. शिशुवर्गात प्रवेशासाठी मुलाची आणि आईवडिलांची मुलाखत घेत. बहिणीने सांगितलं होतं, पालकांचं शिक्षण आणि नोकरी बघतात. अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी लिहिलं, 'कंपनीत कार्यालयीन काम'. हे शेजारी बसून वाचत होते. म्हणाले, "कार्यालयीन?" मी म्हटलं, "तुम्ही पिंपांवर नंबर लिहिता ना? ते कार्यालयीनच." ते हसले. मग मी मुलाची तयारी करून घेतली. पानाचा रंग? हिरवा. आकाशाचा? निळा. पाण्याचा? पाण्याला रंग नसतो. इथे तो अडायचा. "आपल्याकडे असतो," म्हणायचा. "तू 'नसतो' असं सांगायचं," मी म्हणायचे. बाबा काय करतात? बाबा ऑफिसात काम करतात. हेही त्याच्याकडून रोज झोपताना दहा वेळा म्हणून घेतलं.

मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात निळ्याचं काम चालू होतं, आणि निळा सगळ्यांत चिवट. ह्यांनी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात बुडवून ठेवले, दगडाने घासले. हात लालभडक झाले, कातडी फाटली, पण नखांच्या मुळाशी आणि कानाच्या घडीत निळं राहिलंच. एप्रिलचा उन्हाळा होता. त्यांनी लांब बाह्यांचा शर्ट घातला, मनगटाची बटणं लावली.

शाळेच्या बाई पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या होत्या. मुलाला त्यांनी जवळ बोलावलं, नाव विचारलं, एक चित्र दाखवलं. पानाचा रंग झाला, आकाशाचा झाला. माझा जीव भांड्यात पडत होता. मग त्यांनी विचारलं, "आणि तुझे बाबा काय करतात?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्याला उत्तर पाठ होतं, हे मी त्याच्या ओठांवर पाहिलं. पण बाई हसऱ्या होत्या, आणि त्याच्याजवळ याहून चांगलं उत्तर होतं.

"माझे बाबा उघडतात," तो म्हणाला.

"अरे वा. म्हणजे काय करतात?"

"पाणी ओतलं की रंगीत होतात. आता निळे आहेत. आधी पिवळे होते. मग गटारातून जातात. आमची आजी बघते."

बाई मोठ्याने हसल्या. ते हसणं कौतुकाचं होतं, हे आज मला कळतं. तेव्हा मला फक्त हसणं ऐकू आलं आणि 'गटार' हा शब्द ऐकू आला. मी म्हणाले, "बाई, त्याला काहीही रचून सांगायची सवय आहे. ह्यांचं ऑफिसात काम आहे, अर्जात लिहिलंय."

"मी रचत नाही!" मुलगा म्हणाला. तो रडवेला नव्हता, उलट उत्साहात होता. पुरावा समोरच बसलेला होता ना. तो ह्यांच्या खुर्चीकडे गेला आणि मांडीवरच्या हातांची बाही ओढायला लागला. "बाबा, दाखव ना. हात दाखव ना बाईंना."

हे काय करतील ते मला माहीत नव्हतं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान किंचित हलवली. नको. इतकीच हलवली, की बाईंना दिसू नये.

त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले. "नाही रे सोन्या," ते म्हणाले. "आई बरोबर सांगतेय. मी ऑफिसात असतो. तुला स्वप्न पडलं असेल."

मुलगा बाही धरून तसाच उभा राहिला. बाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं, बहुधा कानाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. आणि मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. "कल्पनाशक्ती छान आहे मुलाची," त्या म्हणाल्या. प्रवेश मिळाला.

परतताना आम्ही पूल ओलांडून चालत आलो. मुलगा दोघांच्या मधे होता. पूल उतरल्यावर त्याने विचारलं, "बाबा, काल तू निळा नव्हतास?"

"नव्हतो."

"परवा?"

"परवा पण नाही."

"आणि गटार?"

ह्यांनी मनगटाचं बटण चाचपलं. मी म्हटलं, "गटार काळंच असतं, बाळा. सगळीकडे काळंच असतं."

चाळीत शिरलो तर मालकीणबाई समोरच होती. शाळा मिळाली हे कळल्यावर तिने मुलाच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि विचारलं, "मंग, आज कंचा रंग येनार हाय तुज्या बापसाचा?"

मुलगा तिला समजुतीच्या सुरात म्हणाला, "आजी, तुला स्वप्न पडलं असेल."

ती हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली, आणि मी कुलूप काढायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

सोमवारपासून हे कारखान्यातच आंघोळ करून यायला लागले. कामाचे कपडेही तिथेच ठेवत, तिथेच धुवत. घरी येत ते इस्त्रीच्या शर्टात, साबणाच्या वासाचे, पाऊण तास उशिरा. मला हवा होता तसा माणूस घरी येऊ लागला. मुलगा चार-पाच दिवस त्या वेळेला पाट घेऊन मोरीशी बसला. मी त्याला काही म्हटलं नाही. मग एके दिवशी त्याने तो पाट आपणच उचलून भिंतीला लावून ठेवला आणि अभ्यासाची वही घेऊन बसला. पाण्याचा रंग विचारला तर आता तो न अडता सांगत असे.

ह्यांनी या गोष्टीचा एकदाच उल्लेख केला, पुष्कळ वर्षांनी, आम्ही वन-रूम-किचनच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर. मी म्हटलं, बरं झालं तुम्ही तेव्हा कंपनीत आंघोळ करायला लागलात, केवढा व्याप होता तो. ते वर्तमानपत्र वाचत होते. पानाआडून म्हणाले, "तो मला बघायला बसायचा गं. म्हणून यायचो तसाच." आणि पान उलटलं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हे गेले. हृदयविकाराचा झटका, अर्ध्या तासात सगळं संपलं. मुलगा तेव्हा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. वडील रंगाच्या कंपनीत आहेत एवढं त्याला माहीत होतं, पण ऑफिसात, असंच. ह्यांचे हात फाटलेले असत, त्याला तो कसलातरी त्वचेचा विकार समजत असे. मलम आणून देत असे.

बाराव्यानंतर कारखान्यातले एक गृहस्थ भेटायला आले, ह्यांच्याच खात्यातले, शेजारी उभं राहून वीस वर्षं काम केलेले. चहा घेताना मुलाने विचारलं, "काका, कानाला काय लागलंय तुमच्या?"

त्यांनी कान चाचपला. "राहिला वाटतं. अरे बाळा, तुझ्या बापाचा कान बघितला नाहीस काय कधी? बरोबर, तो कसला ठेवतोय! अर्धा अर्धा तास घासायचा. आम्ही चार तांबे घेतले की मोकळे, आणि हा आपला दगड घेऊन बसलाय. आम्ही चिडवायचो, काय रे, मुलगी बघायला चाललायस काय? तर म्हणायचा, घरी मुलगा हुशार झालाय, तो खोटा पडायला नको." ते हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "त्याचा अर्थ काय, आम्हाला काय कळला नाही कधी. वहिनी, तुम्हाला माहिती असेल."

मुलाने माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं. पाहुण्यासमोरच सांगितलं, कारण ते गेल्यावर मी सांगितलं नसतं. शाळा, बाई, अर्ज, मी हलवलेली मान. माझा आवाज स्थिर होता, याचीही मला लाज वाटली.

मुलाने हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मला आठवतं ते. म्हणजे बाबांच्या डोक्यावरून काहीतरी निळं येतंय, एवढं. मला वाटायचं, ते मी रचलेलं. लहानपणी मी काहीही रचायचो ना. तूच सांगायचीस सगळ्यांना."

खरंच सांगायचे. शाळेतल्या मुलाखतीची गोष्ट मी नातेवाइकांना विनोद म्हणून सांगत आले होते. मुलगा बसलेला असताना सांगत आले होते, आणि प्रत्येक वेळी तोही हसत आला होता.

"कसला निळा होता?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच ते हवं होतं. "शाईसारखा? की आकाशी? खाली येताना कसा दिसायचा?"

मी आठवायचा प्रयत्न केला. अभ्र्यावरचे डाग मला आठवले. शेजारणीचं बोलणं शब्दाशब्दाने आठवलं. पण तांब्या ओतल्यावर ह्यांच्या अंगावरून उतरणारा तो रंग मला आठवेना, कारण मी कधी उंबऱ्याशी जाऊन उभी राहिलेच नव्हते. मधलं दार मी लोटून घेत असे. आता इथवर जे वर्णन केलं आहे, कपाळावरून, भुवयांवरून, तेही मुलाच्या ओरडण्यावरून केलेलं आहे. पाहिलं ते त्या चार वर्षांच्या पोराने एकट्याने, आणि ते मी त्याच्याकडून काढून घेतलं होतं. माझ्याकडेही ठेवलं नव्हतं.

तो उत्तराची वाट बघत होता.

"गडद," मी म्हणाले. "गडद निळा असायचा."

तेही मी अंदाजानेच सांगितलं.